पेशंट दारात, चिठ्ठी गावात

शालूबाईबद्दल आमच्या गावात जे बोललं जातं, त्यातलं निम्मं मी पसरवलेलं आहे आणि उरलेलं निम्मं खरं आहे. आज फक्त खरं सांगतो. खोटं ऐकायचं असेल तर संध्याकाळी पानठेल्यावर या.

माझा ठेला सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर. पुसेगावच्या बाजाराला जाणारी काळीपिवळी जीप इथंच थांबते, म्हणून सगळ्या मुलखाच्या बातम्या आधी माझ्याकडं येतात. चुना लावून पुढं जातात, एवढंच. तर शालू ही आमच्याच गावची लेक. जवळा बाजारला दिलेली. नवऱ्यानं दुसरी घरात आणली तेव्हा शालूनं त्याला मुसळ फेकून मारलं, असं मी गावभर सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी की मुसळ तिनं उचललं होतं. मग तिनं ते जागच्या जागी ठेवलं, दोन लुगड्यांचं बोचकं बांधलं आणि बस धरली. त्र्याण्णव सालची गोष्ट. तिच्या बापानं तेव्हाचे सरपंच सोनाजी पाटील यांच्या ओट्यावर चार दिवस बसून तिला दवाखान्यात कामाला लावलं. फरशी पुसणं, सुया उकळणं, बाळंतिणीचे पाय धरणं. शाळा चौथीपर्यंत. पण नऊ वर्षांत तिनं इतकी बाळंतपणं पाहिली, की सिस्टर नवीन आली की आधी शालूकडं बघायची, मग पेशंटकडं.

एक खोड होती तिच्यात. तिला 'न्हाई' म्हणता येत नसे. माहेरी राहणाऱ्या टाकलेल्या बाईला सगळं गावच भाऊ आणि काका. कुणाला म्हणून न्हाई म्हणायचं? आम्हीही तिच्या या खोडीचा फायदा उचलायचो. आम्ही म्हणजे मी सगळ्यात पुढं.

नवा जिल्हा झाला आणि त्याच्यामागोमाग नवे कागद आले. एक कागद असा होता: शहरातल्या मोठ्या दवाखान्यात कुणी थेट जायचं नाही. आधी गावच्या डॉक्टरनं तपासायचं. त्याच्याच्यानं होत नसेल तर त्यानं सहीशिक्क्याची चिठ्ठी द्यायची. ती मोठ्या दवाखान्याच्या खिडकीवर दाखवली की भरती. नियम काही वाईट नव्हता. पडशा-खोकल्याची माणसं तिथं जाऊन खाटा अडवत होती. त्यांत मीही एकदा तीन दिवस अडवून आलोय, जेवण बरं असतं. पण नियम लिहिणाऱ्यानं एक गोष्ट गृहीत धरली होती, की गावच्या दवाखान्यात डॉक्टर असतो.

आमचे डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारी असत. बाकीचे दिवस त्यांचं घर शहरात. माणूस मनानं वाईट नव्हता. आपल्या मागं कुणाचं अडू नये म्हणून सोमवारी जाताना पाच कोऱ्या चिठ्ठ्यांवर सही-शिक्का मारून शालूबाईच्या हवाली करायचा. "लागली तर नाव टाकून द्या," म्हणायचा. चिठ्ठ्या लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली शालूच्या कमरेला.

ही गोष्ट गावाला कळायला किती वेळ लागला? मला कळली त्या दिवशी दुपारपर्यंत. मग लोकांनी चिठ्ठ्या मागायला सुरुवात केली. आजारी पडल्यावर नाही, आधीच. "घरात असलेली बरी, शालू. वेळ काय सांगून येती व्हय?" कुणी ती देवाच्या फोटोमागं खोचली, कुणी पंचांगात घडी घालून ठेवली. सोनाजी पाटलाच्या घरी खंडोबाच्या तसबिरीमागं दोन होत्या. गिरणीवाल्या वैजनाथकडं एक होती, ती उंदरानं खाल्ली, शिक्क्यासकट. आणि माझी माझ्या ठेल्यात, सुपारीच्या डब्यांवरच्या मारुतीमागं.

मला अंतर्गळ होता. खोकलो की जांघेत लिंबाएवढी गाठ यायची, निजलो की जायची. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, एखाद्या दिवशी आतडं अडकलं तर जिवावर येईल. ऑपरेशनला मी भ्यायचो आणि अडकण्याला त्याहून जास्त. म्हणून चिठ्ठी घेतली. आणि ती कुणी चोरू नये म्हणून माझ्या वळणदार अक्षरात सगळे रकाने भरून टाकले. नाव: पुंजाजी. वय: बासष्ट. पुरुष. आजार: अंतर्गळ. मग मारुतीला उदबत्ती लावली.

गावापासून दोन कोसांवर खेमा नाईकाचा तांडा. तिथं कुणाच्या फोटोमागं चिठ्ठी नव्हती. ती माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, होळीला परत येतात. सोमवारी कोण दवाखान्यात असतं आणि चिठ्ठी कशी मागायची, हे त्यांना कोण सांगणार? दोन हजार एक साली तांड्यातल्या नेमसिंगच्या बापाला साप चावला. काळीपिवळीवाल्या मोहनसिंगनं त्याला जीपमध्ये घालून थेट शहर गाठलं. खिडकीवरच्या माणसानं चिठ्ठी मागितली आणि परत पाठवलं. म्हातारा परतीच्या वाटेवर नाल्याजवळ गेला, मोहनसिंगच्या मागच्या सीटवर. त्यानंतर मोहनसिंग कुणाही पेशंटला आधी एकच विचारायचा, "चिठ्ठी हाय का?"

आता त्या मंगळवारचं सांगतो. दोन हजार दोन साल, होळी होऊन आठ दिवस झालेले. सकाळचे दहा.

तांड्याकडून एक ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत गोधड्यांवर एक पोरगी, संगिता. वय एकोणीसेक. तिचं डोकं मांडीवर घेऊन तिची सासू अनुसयाबाई, आणि ट्रॉलीच्या कडेला लोंबकळलेला तिचा नवरा रणजीत. पोरगी ओरडत नव्हती. ओरडून झालं होतं, आता नुसती कण्हत होती. सिस्टर लसीकरणाला दुसऱ्या गावी गेलेली. दवाखान्यात शालूबाई एकटी.

ती ट्रॉलीत चढली. लुगड्याचा आडोसा धरून आत पाहिलं. खाली उतरली तेव्हा मी ठेल्यातूनच हाक मारली, "काय गं शाले, पोरगा का पोरगी?"

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. अनुसयाबाईला म्हणाली, "कवाधरनं?"

"काल दिवेलागणीपासून. आमी म्हणलो पहिलटकरीन हाय, वेळ लागतो."

"लेकराचा हात भायेर आलाय. डोकं न्हाई, हात."

मी कातरत होतो ती सुपारी तशीच राहिली. एवढं मलाही कळत होतं.

"हे इथं व्हत न्हाई, मावशी. पोट कापून काढावं लागतंय. उशीर केला तर दोघंबी जातील." आणि शालू आत पळाली. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही.

काल सोमवारच. पाच चिठ्ठ्या होत्या. संध्याकाळपर्यंत पाचही गावात गेल्या होत्या. शेवटची सोनाजी पाटलानं गडी पाठवून नेली होती, बायकोचे डोळे दाखवायला, कधीतरी.

मोहनसिंगची जीप उभीच होती. शालू बाहेर येऊन त्याला म्हणाली, "दादा, हिला घे गाडीत."

"घेतो. चिठ्ठी?"

"न्हाई."

मोहनसिंगनं स्टिअरिंगवरचा हात काढला. "बाई, बेचाळीस किलोमीटर जायचं, बेचाळीस यायचं. वो बुढ्ढा मेरे सीट पे मरा. मी धुतली ती सीट, माझ्या हातानं. चिठ्ठी आणा, मी विमान करतो गाडीचं. बगैर चिठ्ठी के नहीं."

रणजीत त्याच्या पाया पडायला लागला. मोहनसिंगनं पाय मागं घेतले आणि तोंड फिरवलं. त्याचे डोळे भरले होते, हे त्याला आवडणार नाही मी सांगितलेलं, पण भरले होते.

फोन? दवाखान्यातला फोन दिवाळीपासून मुका होता.

शालू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, तुमाला ठावं असतंय समदं. कोनाकडं हाय चिठ्ठी?"

इथं माझी परीक्षा होती आणि मी नापास झालो. मारुती माझ्या डोक्यावर हातभर अंतरावर होता. मी म्हणालो, "सोनाजी पाटलाकडं दोन आहेत. खंडोबामागं."

आणि वर तिच्याबरोबर गेलो. मदत केल्यासारखं दिसावं म्हणून.

सोनाजी पाटील ओट्यावर दात कोरत बसलेले. त्यांची बायको आशाबाई दाराआड उभी. शालूनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"संपल्या," पाटील म्हणाले.

"काल सांजच्याला नेली की गड्यानं."

"मग? ती काय तुझ्या बापाची व्हती? हिच्या डोळ्यासाठी हाय ती."

"दादा, परवा गुरवार हाय. डॉक्टर येतील. वैनीसाठी मी सोता दुसरी आनून देते."

"अन् आज रातीला मला काही झालं मंग? त्या तांड्याचं तांड्यानं बघावं. सहा महिने गावात नसतात, नाव ना नोंद, अन् आता चिठ्ठी पायजे." मग जरा खालच्या आवाजात, हसून, "शालू, तुला कामाला कोनी लावलं, ध्यानात ठेव."

शालूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, आता ती मान खाली घालणार, 'व्हय दादा' म्हणणार. नऊ वर्षं तेच ऐकत आलो होतो.

"ध्यानात हाय," ती म्हणाली. "म्हणून तर पयले तुमच्याकडं आले." आणि वळली.

परतताना ती जवळजवळ पळत होती. मी मागून धापा टाकत म्हणालो, "वैजनाथकडं बघू का? उंदरानं खाल्ली म्हणतो, पण त्याचं काय खरं—"

"काका."

"काय गं?"

ती चालतच होती. "मागं एका सोमवारी म्या तुमाला दिली व्हती, ती माझ्या ध्यानात हाय. तुमी सोताहून काढता का बघत व्हते. तुमच्यापाई अर्धा घंटा गेला."

मी आयुष्यात पुष्कळांची तोंडं बंद केली आहेत. माझं कुणी बंद केलं असेल तर त्या दिवशी, त्या रस्त्यावर.

ठेल्यासमोर आलो. ट्रॉलीतून आता कण्हणंही येत नव्हतं. अनुसयाबाई सुनेच्या गालावर हळूहळू चापट्या मारत होती आणि त्यांच्या बोलीत काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होती. शालूनं हात पुढं केला.

"मारोतीमागची द्या."

"अगं, तिच्यावर माझं नाव टाकलंय. पुरुष लिहिलंय. काय उपयोग तिचा?"

"द्या."

"शाले, माझं आतडं अडकलं तर? मी काय करू? मला पण कोणी घेणार नाही तिथं." हे मी ओरडून बोललो. सगळ्यांनी ऐकलं.

"तुमी अडकले तर मी तुमाला पाठीवर घेऊन जाईन. द्या, काका."

मी मारुती बाजूला केला. चिठ्ठी दिली. तिनं वाचली, घडी कमरेला खोचली. तिथलीच किल्ली काढून माझ्या अंगावर टाकली. "दवाखाना बघा." दवाखाना सोडून जायची तिला परवानगी नव्हती. नोकरी जाऊ शकत होती आणि नोकरीशिवाय तिच्याजवळ भावाच्या घरातला एक कोपरा होता, बाकी काही नाही. हे मला ठाऊक, तिला ठाऊक, पाटलाला तर चांगलंच ठाऊक.

मोहनसिंगनं चिठ्ठीवरचा शिक्का पाहिला. अक्षर त्याला वाचता येत नव्हतं, हे आमचं नशीब. गाडी निघाली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मोहनसिंगनं मला चार वेळा सांगितलं, शालूनं एकदा. मी शालूचं धरतो.

बेचाळीस किलोमीटर तिनं संगिताची कंबर आपल्या मांड्यांवर उंच धरली, डोकं खाली. "जोर देऊ नको, माय. फुंकर मार. दिवा विझवल्यागत फुंकर मार." पोरगी शुद्धीत असली की फुंकर मारायची, नसली की शालू तिच्या कानात तेच बोलत राहायची. दर थोड्या वेळानं तो बाहेर आलेला इवलासा हात ओल्या फडक्यात गुंडाळायची. एकदा त्या बोटांनी तिचं बोट धरलं, असं ती म्हणते. मोहनसिंग म्हणतो, असं होत नसतं. मी शालूचं धरतो.

खिडकीवर रांग होती. शालूनं रांग मोडली. आत चष्मा लावलेला एक काटकुळा बाबू. त्यानं चिठ्ठी घेतली आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागला.

"पुंजाजी. वय बासष्ट. पुरुष. अंतर्गळ." मग चष्म्यावरून बघितलं. "पेशंट कुठंय?"

शालूनं वाटेत दहा थापा जुळवून ठेवल्या होत्या. एकही आठवेना. तिनं मागं बोट केलं. स्ट्रेचरवर संगिता, गोधडी लाल झालेली.

"ही," ती म्हणाली.

रांगेतला कुणीतरी हसला. रणजीतनं डोळे गच्च मिटून घेतले.

बाबूनं स्ट्रेचरकडं पाहिलं. पुन्हा चिठ्ठीकडं. "सही डॉक्टरची आहे?"

"व्हय."

"शिक्का तुमच्याच दवाखान्याचा?"

"व्हय, साहेब."

"मग डॉक्टरनं लिहिलेलं मला खोडता येत नाही," बाबू म्हणाला. "चिठ्ठीवर आहे तेच रजिस्टरला जाईल. नियम आहे." आणि त्यानं खरंच लिहिलं. पुंजाजी, बासष्ट, पुरुष. लिहिता लिहिता त्याच्या पेनातून शाईचा डाग पडला. कागद फाडून शालूच्या हातात कोंबत तो ओरडला, "प्रसूतीकडं न्या! डावीकडून, पळा!"

"त्याचे हात कापत व्हते, काका," शालू मला म्हणाली. मी तेव्हा हसून सांगत सुटलो, की शहरातल्या खिडकीवर असा एक गाढव बसतो ज्याला बाई आणि बाप्या कळत नाही.

मुलगी झाली. उजवा हात वांग्यासारखा काळानिळा, पण रडली. संगिताला रक्त चढवावं लागलं, रणजीतनं दिलं, तांड्यातल्या आणखी दोघांनी दिलं. तिसऱ्या दिवशी तिनं पाणी मागितलं.

आणि मोहनसिंगनं परत येऊन जीपमधून उतरायच्या आधी आरोळी ठोकली, "पुंजाकाका, मुबारक हो! तुमी बाळंत झाले! मुलगी हाय!" त्यानंतर महिनाभर ठेल्यावर पान खायला येणारा प्रत्येक जण मला आधी डिंकाचे लाडू विचारायचा. मी आयुष्यभर गावाच्या खोड्या काढल्या, गावानं एका महिन्यात सव्याज फेडून घेतल्या.

गुरुवारी डॉक्टर आले आणि शालूला कागद मिळाला: दवाखाना सोडून का गेली, दुसऱ्याची चिठ्ठी का वापरली, लेखी खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी. सोनाजी पाटील त्या दिवशी दवाखान्यात दोनदा येऊन गेले. शालूनं माझ्याच ठेल्यावर उभं राहून खुलासा लिहिला. मी म्हणालो, मी लिहून देतो झकास. "नगं. तुमच्या अक्षरानं एकडाव झालं तेवढं पुरे." तिनं चौथीच्या अक्षरात एकच ओळ लिहिली: पेशंट दारात होता, चिठ्ठी गावात होती.

डॉक्टरांनी ती वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. आता मी माझं काम केलं. पानागणिक एकच गोष्ट सांगितली, की चौकशी लागली तर वरचे पहिला प्रश्न विचारतील, कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या कोणाच्या? शनिवारपर्यंत ही गोष्ट पुसेगावला पोचली. सोमवारी तो कागद मागं घेतला गेला.

त्याच सोमवारी शालूनं फाटकावर उभं राहून सांगितलं, की पेशंट स्वतः पायरीवर आल्याशिवाय चिठ्ठी मिळणार नाही आणि घरोघरच्या परत करा. कुणीच हलेना. संध्याकाळी आशाबाई पदराखालून दोन चिठ्ठ्या काढून शालूच्या हातात ठेवून गेल्या. "ह्यांना सांगू नको," म्हणाल्या. मी ऐकलं, म्हणून सगळ्या गावाला कळलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी चार आल्या. शालूनं घेतल्या, आभार मानले नाहीत. त्यानंतर तिला कुणी 'शाले' म्हटलेलं मी ऐकलं नाही. मीसुद्धा शालूबाई म्हणायला लागलो, तोंड वाकडं करून का होईना.

मुलीचं नाव वैष्णवी ठेवलं. ती सहा वर्षांची झाल्यावर तिचे आईबाप शाळेसाठी जन्माचा दाखला काढायला गेले, तर मोठ्या दवाखान्याच्या नोंदीत आईचं नाव पुंजाजी! शेवटी मला तहसीलला जाऊन शपथपत्र करावं लागलं. टंकलेखक वाचत होता आणि मी मान हलवत होतो: "मी पुंजाजी, वय अडुसष्ट, धंदा पानठेला, शपथेवर लिहून देतो की कुमारी वैष्णवी रणजीत हिला मी जन्म दिलेला नाही." साक्षीदार म्हणून शालूबाईची सही. ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "काका, बराबर आठवून सांगा हां. नंतर नगं."

त्याच्या पुढच्या वर्षी, पोळ्याच्या सुमाराला, ठेल्यात बसल्या बसल्या माझी गाठ वर गेलीच नाही. दगडासारखी झाली. ओकाऱ्या सुरू झाल्या आणि डोळ्यांपुढं काजवे. सात वर्षं ऑपरेशनला टाळाटाळ केली होती, आता एकेक मिनिट मोजत होतो. गुरुवार होता. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि काही न बोलता चिठ्ठी लिहिली. शालूबाईनं मला पाठीवर घेतलं नाही. मोहनसिंगच्या गाडीत घातलं, पण बेचाळीस किलोमीटर माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. "फुंकर मारा, काका," ती म्हणत होती. मी मारत होतो. चेष्टा सुचत नव्हती. माझा हात तिच्या लुगड्याचा पदर सोडत नव्हता.

खिडकीवर तोच काटकुळा बाबू, केस पांढरे झालेला. चिठ्ठी घेतली, वाचली. पुंजाजी. पुरुष. अंतर्गळ. तो थांबला. चष्मा वर सारून त्यानं आधी मला पाहिलं, स्ट्रेचरवर मुटकुळं करून पडलेला, मग शालूबाईला. शिक्का मारता मारता खाली बघूनच त्यानं विचारलं,

"मुलगी कशी आहे?"

"दुसरीत हाय," शालूबाई म्हणाली. "उजव्या हातानंच लिवती."

"चांगलं," बाबू म्हणाला. "यांना सर्जिकलकडं न्या. उजवीकडून. पळा."